ऑफिसमध्ये मसाजची खुर्ची आणण्याआधी

मॅनेजमेंटचा मेल येतो : ‘लोकांवर ताण वाढलाय, वेलनेसचं काहीतरी बघा.’ बजेट बेताचं, मुदत पंधरा दिवसांची, आणि काम येऊन पडतं एचआर किंवा ॲडमिनमधल्या सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात. योगवर्ग, आरोग्य तपासणी, मसाज अशी यादी फिरवली की सर्वांत जास्त हात मसाजसाठी वर होतात. साहजिक आहे, त्यात स्वतःला काहीच करावं लागत नाही. हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. डोळ्यांपुढे शंभर-सव्वाशे माणसांचं ऑफिस ठेवलंय. ते हिंजवडीतलं असो, अंधेरीतलं असो, नाहीतर नाशिकच्या एमआयडीसीतलं.

थेरपिस्टचा हात चांगला हवाच. पण उपक्रम टिकतो की दोन महिन्यांत बंद पडतो, हे तुम्ही त्या पंधरा मिनिटांची राखण कशी करता यावर ठरतं. म्हणून पुढे दाब आणि हातांच्या हालचालींपेक्षा वेळापत्रक, खोली, संमती आणि पैसे यांवरच जास्त बोलणं आहे.

कुठला मसाज

आपल्या डोक्यात मालिश म्हटलं की तेल येतं. बाळाची मालिश, बाळंतिणीची मालिश, दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंग, गिरगाव चौपाटीवर तेलाच्या बाटल्या वाजवत फिरणारे मालिशवाले. ऑफिसात यातलं काही आणायचं नाही. तिथे चालतो तो खुर्ची-मसाज. पूर्ण कपड्यांवर, तेलाशिवाय, दहा ते वीस मिनिटांचा. खास खुर्चीत पुढे झुकून बसायचं, छाती गादीवर टेकवायची, चेहरा मधे पोकळी असलेल्या उशीत ठेवायचा. थेरपिस्ट डोकं, मान, खांदे, पाठ, हात यांवर काम करतो.

ही पद्धत अमेरिकेत डेव्हिड पामर यांनी १९८०च्या दशकात रुजवली. तिच्या मुळाशी ‘अन्मा’ हा जपानी मसाज आहे. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत ॲपल ही कंपनी होती आणि घडी घालून नेता येणारी खास खुर्ची १९८६मध्ये बाजारात आली. म्हणजे हा प्रकार पहिल्यापासून दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांसाठीच घडत गेला.

काय कबूल करायचं, काय नाही

वरिष्ठांना पाठवायच्या प्रस्तावात इथेच घोळ होतो. इंटरनेटवरून ‘मसाजमुळे शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतात’, ‘आजारपणाच्या रजा निम्म्या होतात’ अशी वाक्यं उचलली जातात. ती काढून टाका. विषद्रव्यं बाहेर काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. पाठ दाबून त्यांचं काम होत नाही.

मग सांगण्यासारखं काय आहे? १९९६मध्ये मायामी विद्यापीठात टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास झाला. २६ जणांना पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटांचा खुर्ची-मसाज दिला. दुसऱ्या गटातले २४ जण तेवढाच वेळ त्याच खुर्चीत नुसते शांत बसले. मसाज घेणाऱ्यांची बेचैनी कमी झाली आणि गणितं त्यांनी आधीपेक्षा लवकर आणि कमी चुका करत सोडवली. अभ्यास लहान आहे, पण आपल्या कामाचा आहे, कारण त्यात आपल्यासारखीच नोकरी करणारी माणसं होती. कंबरदुखीवरच्या जुन्या-नव्या चाचण्या एकत्र करून २०१५मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने जो आढावा घेतला, त्यात मसाजने थोडे दिवस आराम पडतो, पण पुराव्याचा दर्जा कमी आहे, असं निघालं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मसाजने धाडकन खाली येतं, हा दावा तर २०११च्या एका मोठ्या फेरतपासणीत टिकलाच नाही. परिणाम जेमतेम दिसला.

प्रस्तावात एवढंच लिहा : आखडलेले स्नायू सैल होतात, त्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस हलकं वाटतं, बेचैनी उतरते, काहींना रात्री झोप बरी लागते. इतकं मिळालं तरी खर्च वाया गेला नाही.

ताण खांद्यातच का साठतो, हे कुणीतरी विचारेलच. काळजीत असताना आपण नकळत खांदे कानांकडे उचलतो आणि मान पुढे काढतो. साधारण पाच किलोचं डोकं पुढे गेलं की ते धरून ठेवायला मानेमागचे आणि खांद्यावरचे स्नायू सतत थोडे-थोडे आवळलेले राहतात. जोर फार लागत नाही, पण सुट्टीही मिळत नाही. संध्याकाळी खांद्यावर जी गाठ हाताला लागते आणि ‘मान धरलीय’ म्हणून आपण जिला दाबत बसतो, ती अशीच तयार होते. ती सैल करणं मसाजला जमतं. खांदे वर का गेले, त्याचं उत्तर मसाजजवळ नाही.

पहिली पायरी : चिठ्ठी फिरवा

थेरपिस्टला फोन करण्याआधी ऑफिसात बिननावाची चिठ्ठी फिरवा. तीन प्रश्न पुरेत. कुठे दुखतं? दिवसातल्या कोणत्या वेळी जास्त? मसाज मिळाला तर घ्याल का? चिठ्ठीवर नाव नको, फक्त टीमचं नाव हवं. एक्सेलची लिंक पाठवाल तर लोकांना वाटेल मॅनेजर बघतोय, आणि सगळे ‘सर्व ठीक’ लिहून मोकळे होतील. कागद आणि खोका बरा.

या चिठ्ठ्या जपून ठेवा, तीन महिन्यांनी लागतील.

आणि चिठ्ठी फक्त डेस्कवाल्यांना देऊ नका. गेटवरचे सिक्युरिटी गार्ड, हाउसकीपिंगच्या मावशी, पँट्रीतली मुलं हे सगळे कंत्राटदाराकडून आलेले असतात, म्हणून ‘एम्प्लॉयी वेलनेस’च्या यादीत त्यांची नावं आपोआप गळतात. बारा तास उभं राहणाऱ्या गार्डच्या पोटऱ्या आणि दिवसभर वाकून फरशी पुसणाऱ्या बाईची कंबर तुमच्या सीनियर डेव्हलपरच्या मानेपेक्षा कमी भरून येत नाही. त्यांना हवा असतो तो मसाज थोडा वेगळा असतो, साध्या खुर्चीवर बसवून पोटऱ्या-तळपायांचा. थेरपिस्टला तो येतो का, आधी विचारा. कंत्राटदाराच्या सुपरवायझरशीही आधीच बोलून ठेवा, नाहीतर ‘ड्युटी सोडून कुठे गेलास’ म्हणून त्यांचीच हजेरी कापली जाईल.

दुसरी पायरी : हिशेब मांडा

पंधरा मिनिटांचा मसाज म्हणजे प्रत्यक्षात वीस मिनिटांचा स्लॉट. मधल्या पाच मिनिटांत खुर्ची पुसायची, चेहऱ्याखालचा कागद बदलायचा, थेरपिस्टने हात झटकून पाणी प्यायचं. तासाला तीन माणसं. एका थेरपिस्टकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त प्रत्यक्ष काम घेऊ नये. म्हणजे दिवसाला पंधरा.

आता १२० जणांच्या ऑफिसात ७२ जणांनी होकार दिला असं धरू. आठवड्यातून एक दिवस एक थेरपिस्ट आला, तर प्रत्येकाची पाळी जवळजवळ पाच आठवड्यांनी येणार. वरच्या अभ्यासात मसाज आठवड्यातून दोनदा होता, हे लक्षात घ्या. पाच आठवड्यांतून एकदा मिळणारी पंधरा मिनिटं ही छान भेट आहे. तिला ताण कमी करण्याची योजना म्हणू नका. दोन थेरपिस्ट आणले तर पाळी अडीच आठवड्यांवर येते. तेही परवडत नसेल तर माझं मत असं : सगळ्यांना थोडं-थोडं वाटण्याऐवजी ज्या टीमवर त्या काळात खरोखर भार आहे तिला सहा-आठ आठवडे सलग द्या. मार्चमध्ये अकाउंट्सला, रिलीजच्या आधी टेस्टिंगला, सणासुदीच्या सेलमध्ये कस्टमर सपोर्टला. मग पुढची टीम. कुणाला आत्ता आणि का, हे सर्वांना उघड सांगितलं तर लोक समजून घेतात.

पैसे माणशी देऊ नका, तासावर किंवा दिवसावर द्या. माणशी दर ठरला की स्लॉट आक्रसतात, मधली पाच मिनिटं नाहीशी होतात आणि विसाव्या माणसाला थकलेले अंगठे मिळतात. अंगठ्याचा सांधा आणि मनगट ही या व्यवसायातली नेहमीची दुखणी आहेत. दुसऱ्यांचा कामाचा ताण उतरवायला बोलावलेल्या माणसाला आपणच टार्गेट लावणं शोभत नाही. त्यांना जेवण कँटीनमध्ये सगळ्यांबरोबर द्या, आणि रद्द झालेल्या स्लॉटचे पैसे कापू नका.

अकाउंट्स विभागाला आधी विचारून घ्या : जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)खाली आरोग्यसेवा आणि सौंदर्यसेवांवरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, सहसा मिळत नाही. म्हणजे कर हा खर्चातच धरायचा. हे बिल आल्यावर कळलं की उगाच कटकट होते.

तिसरी पायरी : माणूस निवडा

सलूनमध्ये दाढीनंतर खांदे चोपून मान ‘कट्’ करून देणारा हात वेगळा आणि हे काम वेगळं. कुठे शिकलात, किती तासांचं प्रशिक्षण, कोणत्या माणसाला तुम्ही मसाज नाकारता, हे तिन्ही विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत बोलकं असतं. ‘आम्ही सगळ्यांना देतो’ म्हणणाऱ्याला धन्यवाद देऊन परत पाठवा.

मान मोडण्याबद्दल तर लेखी अट घाला. मानेला झटका द्यायचा नाही, माणसाने स्वतः मागितला तरी नाही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्याने चीर पडून पक्षाघात झाल्याची प्रकरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. असं क्वचित होतं, हे खरं. पण कटकन आवाज ऐकण्याच्या समाधानासाठी तेवढा धोका कशाला पत्करायचा?

मुंबई-पुण्यात मसाजचं शिक्षण घेतलेले अंध आणि अल्पदृष्टी असलेले थेरपिस्टही आहेत. त्यांचा जरूर विचार करा. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांना ॲक्युपंक्चर आणि मसाज शिकवणाऱ्या शाळा काढल्या, आणि अन्मा हा तिथे पिढ्यान्‌पिढ्या अंधांच्या हक्काचा व्यवसाय राहिला. त्यांना बोलावणार असाल तर सहानुभूतीची भाषणं ठेवू नका. व्यवस्था नीट ठेवा. पहिल्या दिवशी गेटपासून खोलीपर्यंतचा रस्ता, जिना, लिफ्टची बटणं आणि स्वच्छतागृह सोबत चालून दाखवा. आपला कोपर त्यांना धरू द्या, आपण त्यांना ओढू नका. एकदा लावलेली खुर्ची-टेबलं मधेच सरकवायची नाहीत. आत येणाऱ्याने आपलं नाव सांगायचं, कुठे दुखतं ते बोट दाखवून ‘इथे’ असं न म्हणता शब्दांत सांगायचं, आणि निघताना ‘निघतो’ म्हणायचं. घंटी वाजणारं किंवा वेळ बोलून सांगणारं घड्याळ बहुधा त्यांच्याकडे असतंच, पण विचारा.

स्त्री आणि पुरुष असे दोन्ही थेरपिस्ट असले तर उत्तम. कोणाकडून घ्यायचं हे घेणाऱ्याने स्लॉट भरतानाच निवडायचं, म्हणजे दारात उभं राहून अवघडल्यासारखं होत नाही.

चौथी पायरी : खोली

कॉन्फरन्स रूम नको. ती कुणीतरी ‘पाचच मिनिटं’ म्हणून घेतोच. दोन-अडीच मीटर लांबी-रुंदीची शांत खोली पुरते. एसीचा झोत थेट पाठीवर येऊ नये. दाराला कडी लावायची नाही, काचेवर अर्ध्या उंचीपर्यंत अपारदर्शक पट्टी असावी; आत कोण झोपलंय हे बाहेर दिसू नये, पण आत दोन माणसं आहेत एवढं कळावं. एक छोटं टेबल ठेवा, त्यावर वाटी. चष्मा, कानातलं, आयकार्डची दोरी, घड्याळ, केसांचा क्लिप तिथे काढून ठेवता येतं. मंगळसूत्र काढायला कुणाला सांगू नका. ते पुढे घेऊन खाली मऊ पंचा ठेवला की काम होतं.

साडीचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक ऑफिसात पहिल्याच दिवशी उभा राहतो, कारण कुणी आधी विचारच केलेला नसतो. मसाजच्या खुर्चीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून, गुडघे टेकवून बसावं लागतं. साडीत किंवा घट्ट स्कर्टमध्ये ते जमत नाही आणि बिचारी बाई ‘राहू दे, मला नको’ म्हणून परत जाते. उपाय सोपा आहे : एक साधं बिनहातांचं स्टूल आणि समोर टेबलावर दोन जाड उशा. तिथे डोकं टेकवून बसलं की मान, खांदे, पाठ सगळं करता येतं. वयस्कर आणि गुडघे दुखणाऱ्यांनाही हेच बरं पडतं. खुर्चीची वजनमर्यादाही बघून घ्या, आणि ती कुणाला सगळ्यांसमोर सांगण्याची वेळ येऊ देऊ नका.

पाचवी पायरी : कुणाला मसाज द्यायचा नाही

ताप, अंगावर पुरळ किंवा जखम, नुकतंच झालेलं हाड मोडणं वा शस्त्रक्रिया असेल तर त्या दिवशी मसाज नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आटोक्यात नसलेला रक्तदाब, ठिसूळ हाडं, चालू असलेले कर्करोगाचे उपचार, गरोदरपण असेल तर आधी आपल्या डॉक्टरांची परवानगी. मधुमेहामुळे हातापायांना बधिरपणा असेल तर थेरपिस्टला सांगायलाच हवं, कारण दाब जास्त झालेला कळत नाही. भरपेट जेवल्यावर लगेच पालथं झुकून बसू नये. अभ्यंगाच्या बाबतीत आयुर्वेदही अजीर्ण असताना नकोच म्हणतो. म्हणून दीडचा स्लॉट ठेवू नका. अडीच ते साडेपाच ही वेळ सर्वांत चांगली.

तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत खोलीबाहेर लावा. छातीत दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा खांद्यात कळ, घाम, दम : हा ताण किंवा गॅस आहे असं समजून खांदे दाबून घ्यायचे नाहीत, १०८ला फोन करायचा. एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा : आत रक्ताची गुठळी असू शकते, चोळायची नाही, डॉक्टर गाठायचा. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाणं, मांड्यांमध्ये बधिरपणा किंवा लघवीवर ताबा न राहणं : त्याच दिवशी हॉस्पिटल.

ही माहिती विचारणारा एक पानी फॉर्म थेरपिस्टकडेच राहू द्या. तो एचआरच्या फाइलमध्ये आला की पुढच्या वेळी कुणी खरं लिहिणार नाही. कुणाला कसली गोळी चालू आहे याच्याशी कंपनीला काय करायचंय?

सहावी पायरी : संमती

नाही म्हणायला कारण लागत नाही. हे वाक्य नोटिसीत जसंच्या तसं घाला. काहींना परक्याचा स्पर्श नको असतो, काहींच्या घरच्या रीतीत बसत नाही, काहींना नुसता कंटाळा असतो. ‘अरे घे ना, फुकट आहे’ म्हणत मागे लागणारे उत्साही लोक प्रत्येक टीममध्ये असतात, त्यांना हळूच आवरा. टीम लीडरने ‘आमची टीम शंभर टक्के’ असा फोटो टाकायचं ठरवलं तर तोही थांबवा. मसाज चालू असताना फोटो मुळीच नाही.

सुरू करण्यापूर्वी थेरपिस्टने प्रत्येकाला विचारायचं : कुठे हात लावलेला चालेल, कुठे नको, डोक्याला चालेल का? मसाज खांदे, दंड, हात, मान, डोकं आणि कंबरेच्या वरची पाठ एवढ्यापुरताच. पोटऱ्या-तळपाय वेगळे मागितले तरच. मधेच ‘थांबा’ म्हटलं की हात तत्काळ बाजूला.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा इथे पूर्ण लागू आहे, आणि तो दोन्ही दिशांनी बघायला हवा. बाहेरून आलेली महिला थेरपिस्ट तुमच्या पगारपत्रकावर नसली तरी तुमच्या ऑफिसात तिला त्रास झाला तर ती तुमच्या अंतर्गत समितीकडे तक्रार करू शकते. समितीच्या सदस्यांची नावं आणि नंबर तिलाही पहिल्याच दिवशी द्या. अचकट विनोद करणारा कितीही सीनियर असला तरी त्याचे पुढचे स्लॉट रद्द.

खुर्चीवर बसणाऱ्यासाठी

हा भाग कापून नोटीस बोर्डावर लावला तरी चालेल.

पाच मिनिटं आधी या. फोन डेस्कवर ठेवून या. सायलेंटवर ठेवलेला फोन खिशात थरथरला की खांदे पुन्हा वर जातात. काय दुखतं ते एका वाक्यात सांगा. दाब किती हवा ते शून्य ते दहामध्ये सांगा, पाच-सहा पुरे. आपल्याकडे भीड फार. कळवळत असतानाही ‘चालतंय, चालतंय’ म्हणत माणूस सहन करतो, आणि वर ‘दुखल्याशिवाय गुण येत नाही’ हा समज. तुमचा श्वास अडकत असेल किंवा मुठी आवळल्या जात असतील तर दाब जास्त आहे. स्नायू सैल व्हायच्या ऐवजी स्वतःचा बचाव करायला लागलाय. सरळ ‘हळू’ म्हणा. थेरपिस्टला वाईट वाटत नाही.

गप्पा मारायलाच हव्यात असं नाही. झोप लागली तर लागू द्या.

उठताना घाई नको. आधी नुसते ताठ बसा, मग उभे राहा. काहींना क्षणभर गरगरतं. अंग जड वाटत असेल तर लगेच गाडी काढू नका. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकलं तर चालतं. दोन दिवसांनंतरही दुखत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील तर पुढचा स्लॉट घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि ज्यांना खुर्ची नकोच, किंवा ज्यांची पाळी लांब आहे, त्यांच्यासाठी स्वतःच्या हातांचं थोडं. उजव्या हाताने डावा खांदा मानेजवळ मुठीत धरा, हळू दाबा, दोन-तीन श्वास सोडा, मग थोडं बाहेर सरका. दुसऱ्या बाजूलाही तसंच. दोन्ही अंगठे कवटीच्या खालच्या कडेला, मणक्याच्या दोन बाजूंना टेकवून डोकं किंचित मागे सोडा. माउस धरणारा हात टेबलावर पालथा ठेवून कोपरापासून मनगटापर्यंत दुसऱ्या तळहाताने चोळत या. टेनिसचा चेंडू पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरून हलकेच घोळवा. मणक्यावर नाही, मणका आणि खांद्याचं पातं यांच्या मधल्या मांसल भागावर. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर चढवून वेगळा कीबोर्ड घेतला तर यातलं निम्मं करावंच लागणार नाही, ते वेगळं.

तिसऱ्या महिन्यातली बैठक

पहिल्या दोन महिन्यांत कौतुकच ऐकू येईल, त्याचा फार विचार करू नका. खरं काम तिसऱ्या महिन्यात. पहिली चिठ्ठी पुन्हा फिरवा, बिननावाची, तेच तीन प्रश्न, आणि चौथा : स्लॉट मिळूनही जाता आलं नाही, असं झालं का? का?

टीमनुसार बेरीज मांडा. एकाच टीममधल्या बहुतेकांची मान-खांदे दुखत असतील तर तो त्या टीमच्या खुर्च्यांचा, स्क्रीनचा किंवा कामाच्या तासांचा प्रश्न आहे. तिथे दुसरा थेरपिस्ट आणून उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद आयसीडी-११ या आपल्या आजारांच्या वर्गीकरणात केली ती आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर २०२१मध्ये मांडलेला हिशेब वरिष्ठांना दाखवण्यासारखा आहे : आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका साधारण ३५ टक्के जास्त, आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त. तुमच्या हजेरीच्या नोंदीत ५५च्या वर किती जण आहेत ते मोजून याच्या शेजारी ठेवा.

चिठ्ठ्यांमध्ये कुणी ‘झोपच येत नाही’, ‘सकाळी उठावंसं वाटत नाही’ असं लिहिलं असेल तर त्यावर खांदे दाबणं हा उपाय नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तो क्रमांक मसाजच्या खोलीबाहेर, लिफ्टमध्ये आणि स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे तो कुणी बघत नसताना टिपून घेता येतो.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मात्र शांतपणे वाचा. ‘मीटिंग लागली’, ‘टी.एल. म्हणाला नंतर जा’, ‘क्लायंटचा कॉल लांबला’ ही उत्तरं दर चार चिठ्ठ्यांत एक या प्रमाणात आली, तर करार वाढवायची फाइल पुढे पाठवू नका. एक महिना खुर्ची बंद ठेवा, थेरपिस्टला तसं आधी कळवा, आणि त्या महिन्यात एकच नियम पाळून बघा : दुपारी तीन ते चार कुणीही कुणाची मीटिंग लावायची नाही. तो पाळला गेला तर त्याच तासात खुर्ची पुन्हा सुरू करा. नाही पाळला गेला, तर कुणी मोडला त्याची नोंद घेऊन त्या माणसाच्या वरिष्ठाकडे जा. मसाजचं बजेट त्यानंतर.